कोंबड्या एकमेकींना टोचतात? या चुका टाळा

नवी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, बाजारातून आणायची आणि भरदुपारी जुन्या कोंबड्यांत सोडून द्यायची, ही चूक आमच्या वाडीत दर पावसाळ्यात होते. आधी कोणी खायचं, दांडीवर कुठे कोणी बसायचं, हे कोंबड्यांत ठरलेलं असतं. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी ही टोचण्याची उतरंड १९२२ साली मांडली. नवी कोंबडी आली की ही उतरंड परत लागते, आणि चोचीनेच लागते.

गेल्या आषाढात शेजारच्या पोराने एकच तलंग आणली. बाहेर धो धो पाऊस, सगळ्या कोंबड्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, कोंडलेल्या, पळायला जागा नाही. मला हाक मारली तेव्हा ती शेणींच्या ढिगात डोकं खुपसून बसली होती. शेपटीच्या मुळाशी पिसं उपटलेली, रक्त आलेलं. लाल दिसलं की कोंबड्या आवरत नाहीत. एरवी गरीब असलेल्याही येऊन टोचत होत्या. पोरगा काठी घेऊन बाकीच्यांना हाकलत होता. म्हटलं, "आधी हिका उचल, मगे बाकीचा बघ." जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुतली, वर जांभळं औषध लावलं. त्याने लाल रंगही झाकला जातो. ती जगली.

मी नवी कोंबडी निदान २ आठवडे लांब ठेवतो; मानमोडीसारखा (राणीखेत) रोग असेल तर तेवढ्यात कळतो. मग आठवडाभर मध्ये जाळी, नुसतं एकमेकींना बघू दे. त्यानंतर काळोख पडल्यावर दांडीवर बसवतो. जाळीचा आठवडा गाळून नुसतं "रात्री सोडा, सकाळी विसरतात" सांगणाऱ्यांचं ऐकू नका. उजाडलं की मारामारी ठरलेली. आणि एकटी आणूच नका, दोन-तीन आणा, म्हणजे मार वाटला जातो.

खाण्याचं भांडं एकच नको, लांब लांब दोन-तीन ठेवा. पाच कोंबड्यांत दोन कोंबडे कशाला? आठ-दहांत एक पुरे. चोच कापायला तर मी कधीच सांगणार नाही. जागा वाढवा, पावसातही थोडी उघडीप मिळाली की खळ्यात सोडा.

रक्त नसेल तर मध्ये पडू नका, त्यांचं त्यांना मिटवू दे. जखमी म्हणून बरेच दिवस बाजूला ठेवलेल्या कोंबडीची जागा मात्र गेलेली असते. तिलाही परत घेताना आधी जाळीआडच ठेवा.