स्वतः टॉर्च जुळवताय? सुटे भाग घेताना या चुका टाळा

बहुतेक जण सगळ्यात जास्त ल्युमेनचा, म्हणजे सगळ्यात जास्त प्रकाशाचा एलईडी आधी मागवतात आणि बाकीचं नंतर बघू म्हणतात. पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच सुरू होते. आधी सेल ठरवा.

समजा, 18650 चा (18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब लिथियम-आयन) एकच सेल वापरायचाय. पूर्ण चार्ज असताना तो 4.2 व्होल्ट देतो, नंतर 3.6 च्या आसपास रेंगाळतो. त्यावर 6 व्होल्टचा एक्सएचपी 50 एलईडी आणि साधा 7135 चिपांचा ड्रायव्हर (एलईडीला करंट पुरवणारं सर्किट) लावला तर टॉर्च पेटणारच नाही. मग सोल्डर पुन्हा पुन्हा तपासलं जातं, पण दोष तिथे नसतोच. 7135 करंटला लगाम घालते, व्होल्टेज वाढवत नाही. 6 व्होल्टसाठी व्होल्टेज वाढवणारा बूस्ट ड्रायव्हर लागतो. पहिल्याच टॉर्चला एवढा खटाटोप कशाला? 3 व्होल्टचा एसएसटी 20 किंवा निचिया 519ए एलईडी घ्या. 7135 ची एक चिप साधारण 350 मिलिअँपिअर सोडते, म्हणजे आठ चिपांचे 2.8 अँपिअर झाले. ट्रेकला तेवढं भरपूर आहे.

सेलवर 9900 एमएएच (क्षमतेचा आकडा) छापलं असेल तर तो घेऊच नका. चांगले 18650 साधारण 3000 ते 3500 चे असतात. प्रोटेक्टेड (संरक्षक सर्किट जोडलेला) सेल 65 मिलिमीटरपेक्षा लांब भरतो, त्यामुळे बॉडीत बसेल का ते आधी मोजा.

टॉर्च लावल्यावर थोड्या वेळात प्रकाश निळसर पडून मंदावला, तर एलईडी भाजतोय. 2.8 अँपिअरला तो नऊ-दहा वॉट खातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग उष्णता होतो. साध्या ॲल्युमिनियम पीसीबीत (एलईडी ज्यावर सोल्डर करतात ती चकती) एलईडी आणि धातू यांच्यामध्ये इन्सुलेशनचा थर असतो, उष्णता तिथेच अडते. थेट तांब्यावर सोल्डर होणारा डीटीपी पीसीबी थोडा महाग पडतो, पण इथे काटकसर करू नका. पीसीबीखाली थर्मल पेस्टचा पातळ थर पुरे. डोंगरात मध्यरात्री बॉडी चांगली कोमट लागली तर घाबरू नका, उष्णता बाहेर येतेय. प्रकाश मंदावला आणि बॉडी मात्र गार, ही खरी धोक्याची खूण.

टॉर्च लुकलुकते? ड्रायव्हर बदलण्याआधी मागची, स्विच पकडून ठेवणारी रिटेनिंग रिंग आवळा.

रिफ्लेक्टर बसवताना एलईडीच्या मापाची गॅस्केट (एलईडीभोवती बसणारी इन्सुलेशनची चकती) घ्या. 3535 (3.5 मिलिमीटरच्या) एलईडीला 5050 (5 मिलिमीटरची) चालत नाही. रिफ्लेक्टरचा धातू सोल्डरला टेकला तर शॉर्ट होतो. म्हणून सेल घालण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक बॉडीला आणि दुसरं एलईडीच्या पॉझिटिव्ह तारेला लावा. बीप वाजला तर टॉर्चचं डोकं पुन्हा उघडा.