हुतात्मा दिनाला स्काऊट पथक घेऊन जाताना

तीस जानेवारी, म्हणजे गांधीजींचा स्मृतिदिन आला की शाळेत पत्र येतं: कार्यक्रमाला गणवेशातली वीस मुलं पाठवा. बहुतेक ठिकाणी मग आदल्या दिवशी उंच-उंच मुलं निवडली जातात, स्कार्फ शोधले जातात आणि सकाळी सगळी वरात निघते. मीही पहिली दोन वर्षं असंच केलं. पुष्पचक्राची तालीम आम्ही शाळेच्या सपाट मैदानावर केली होती. प्रत्यक्षात स्मारकाला पायऱ्या होत्या. पुढच्या मुलाने पायरी चढली, मागचा खालीच राहिला आणि चक्र तिरकं होऊन त्यातला झेंडू पाहुण्यांच्या पायाशी घरंगळत गेला. तेव्हापासून तयारी पंधरा दिवस आधी सुरू करतो. ती कशी, ते सांगतो.

आधी कोणासाठी, मग कवायत

पहिल्या दिवशी सावधान-विश्राम घेऊच नका. मुलांना गोल बसवा आणि विचारा, आपल्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानाचं पूर्ण नाव काय? हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे खेळलेली मुलं वर्गात सापडतील, कान्हेरे कोण हे सांगणारं एखादंच. 21 डिसेंबर 1909 ला इथल्याच विजयानंद नाट्यगृहात त्यांनी ब्रिटिश कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीसचे, म्हणजे आपल्या रोव्हरच्या, स्काऊटमधल्या मोठ्या मुलांच्या वयाचे. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतली चुळबुळ थांबते.

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, गांधीजींना गोळी लागली आणि कान्हेऱ्यांनी गोळी झाडली. मग दोघेही हुतात्मा कसे?" असा प्रश्न आला तर मुलांना गप्प बसवू नका. मी त्या दिवशी तासभर तेवढंच बोललो, कवायत राहिली. राहू दिली.

गणवेश

शर्ट-पँट घरचे लोक बघतात. घोळ होतो तो स्कार्फचा. तो गळ्यात घालून वळायचा नसतो. टेबलावर त्रिकोण पसरा, लांब कड आपल्याकडे, टोक समोर. दोघांनी दोन बाजू धरून लांब कड घट्ट गुंडाळत टोकाकडे न्यायची आणि पाठीवर तळहाताएवढा त्रिकोण उरला की थांबायचं. मग गळ्यात घालून वॉगल, म्हणजे स्कार्फ अडकवायचं कडं, चढवायचा. एकट्याने वळलेला स्कार्फ दहा मिनिटांत सुटतो.

आणि स्वेटर. नाशिकची थंडी आहे, आया मुलाला स्वेटरशिवाय सोडत नाहीत, आणि रांगेत लाल, पोपटी, जांभळा असा इंद्रधनुष्य उभा राहतो. पालकांना आधीच कळवा: गरम कपडा शर्टच्या आत. वर घालायचाच असेल तर सगळ्यांचा एकाच रंगाचा. नाहीतर बसमध्ये काढून पिशवीत.

उभं राहायला शिकवा

याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. पाहुणे उशिरा येतात, भाषणं लांबतात आणि रांगेतलं एखादं मूल दाणकन खाली येतं. लोक म्हणतात, ऊन लागलं. बऱ्याचदा कारण पायात असतं. माणूस गुडघे ताठ करून हललाच नाही की रक्त पायांत साचतं, पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत नाहीत, मेंदूला कमी पडतं आणि भोवळ येते. म्हणून मुलांना सांगायचं: सावधानमध्येही गुडघा किंचित सैल, बुटाच्या आत बोटं हलवत राहायची, वजन टाचेवरून चवड्यावर आणि परत. बाहेरून कोणाला दिसत नाही. तालमीत आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस.

त्या दिवशी सकाळी पोहे किंवा पोळी-भाजी पोटात हवीच. "नाष्टा केला का?" विचारलं तर सगळे हो म्हणतात, म्हणून "काय खाल्लं?" विचारा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर मुलाने तिथेच खाली बसायचं, ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, हे संघनायकाने, म्हणजे मुलांमधल्याच म्होरक्याने, सगळ्यांसमोर सांगायचं. सरांनी सांगितलेलं मुलं ऐकतात, संघनायकाने सांगितलेलं करतात. कोणी कोसळलंच तर आडवं झोपवून पाय वर धरा. भोवती गर्दी नको.

पुष्पचक्र

सारख्या उंचीची दोन मुलं निवडा, हुशार-देखणी ही नंतरची गोष्ट. फुलवाल्याला दोन गोष्टी बजावा: चक्र पाण्याने निथळतं नको, नाहीतर शर्टवर ओघळ येतात, आणि मागच्या तारेची टोकं वळवून चिकटपट्टी लावून दे. तालमीसाठी सायकलचं जुनं टायर उत्तम, वजनही साधारण जुळतं.

चाल संथ. चढायच्या पायऱ्या आदल्या दिवशी जाऊन मोजून या. पायरीवर दोघांचा एकच पाय पडला पाहिजे, त्यासाठी दोघांपैकी एकाने हळू आकडा मोजायचा. चक्र ठेवलं की लगेच पाठ फिरवायची नाही. एक पाऊल मागे, सॅल्यूट, मनात तीन अंक, हात खाली, मग वळायचं. सॅल्यूट तीन बोटांचा, अंगठा करंगळीवर. ती तीन बोटं म्हणजे वचनाचे तीन भाग, आणि मुलांना ते वचन पाठ आहे ना, तेही बघून घ्या.

दोन मिनिटं

30 जानेवारीला भोंगा 10.59 ला सुरू होऊन 11 ला थांबतो, मग दोन मिनिटं शांतता, 11.02 ला पुन्हा भोंगा. सगळीकडे तो ऐकू येतोच असं नाही, रस्त्यावरचे हॉर्न मात्र हमखास येतात. म्हणून घड्याळ एकाकडेच आणि हुकूमही त्याचाच. शांततेत सॅल्यूट नाही, फक्त सावधान. टोपी डोक्यावरच राहते.

राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवायचा प्रसंग आला तर तो आधी टोकापर्यंत चढवायचा आणि मग अर्ध्यावर आणायचा. संध्याकाळी उतरवतानाही आधी पुन्हा टोकापर्यंत. आणि पथकाचा झेंडा मानवंदनेत झुकवता येतो, राष्ट्रध्वज कोणासमोरही झुकत नाही. दोन्ही झेंडे शेजारी असतील तर हे आधी पक्कं करून ठेवा.

रांगेबाहेरची मुलं

वीसातली सहा मुलं मी रांगेत उभी करत नाही. दोन दाराशी, दोन पाण्याजवळ आणि उरलेली दोन मुलं शहिदांच्या कुटुंबीयांच्या मदतीला. खरं काम यांचंच. "आजी, हात धरू का?" असं विचारायचं, न विचारता धरायचा नाही. त्या रडल्या तर फोटो नाही. मोबाईल आमच्याकडे बसमध्येच गोळा होतात, माझाही त्याच पिशवीत जातो. स्काऊट डाव्या हाताने हस्तांदोलन करतात, पण एखाद्या निवृत्त सुभेदारकाकांनी उजवा हात पुढे केला तर उजवाच द्यायचा. तिथे नियम समजावत बसू नये.

जाण्यायेण्याची परवानगी, पालकांच्या सह्या, औषधाची पेटी हे नेहमीच्या सहलीसारखंच.

दुसऱ्या दिवशी दोन मुलांना घेऊन पुन्हा स्मारकावर जा. चक्र सुकायला लागलेलं असतं. तार वेगळी काढायची, रिबीन उलगडून घडी घालायची, फुलं शाळेच्या खताच्या खड्ड्यात. गोदावरीत टाकायची नाहीत.