एसी लावला की गाडी ओरडते? कंप्रेसरवर खापर फोडण्याआधी थांबा

एप्रिल लागला की जळगावात आमच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. दर तिसरा माणूस काच खाली करून विचारतो, "भाऊ, कंप्रेसर गेलाय. नवीन केवढ्याला पडेल?" कंप्रेसर म्हणजे एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप. मी अजून आवाजही ऐकलेला नसतो, याचं निदान घरूनच झालेलं असतं.

आवाज कधी येतो हे न बघता पार्ट बदलणं, ही सगळ्यात महागडी चूक. मीही केली आहे. गॅरेज टाकून दोनेक वर्षं झाली होती. एक गुरुजी छोटी हॅचबॅक घेऊन आले. सिग्नलला उभं असताना एसी लावला की पुढून धडधड, बंद केला की गप्प. मी बॉनेट उघडलं. कंप्रेसरचा क्लच, म्हणजे एसी लावला की कंप्रेसरला फिरत्या पुलीशी जोडणारा भाग, खट् करून बसला आणि त्याच क्षणी धडधड सुरू. आणखी काय पुरावा हवा? कंप्रेसर बदलला, गॅस भरला, एसी लावला. तीच धडधड! गुरुजी काही बोलले नाहीत, नुसते चष्मा पुसत बसले. ते जास्त लागलं.

शेवटी आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी लाकडी ठोकळ्यावर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, टेकवून इंजिन जरासं उचललं. आवाज बंद. टॉमी सोडली, पुन्हा सुरू. इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचं रबर फाटलं होतं. कंप्रेसरचा लोड आला की इंजिन थरथरायचं आणि लोखंडावर लोखंड आपटायचं. रेस दिली की धडधड जाते, हे गुरुजींनी आल्या आल्या सांगितलं होतं. माझं लक्ष कुठे होतं! जुना कंप्रेसर परत चढवला, नव्याचे पैसे माझ्या खिशातून गेले.

तेव्हापासून पाना उचलायच्या आधी मी पाच मिनिटं नुसता ऐकतो. आधी इंजिन बंद, चावी ऑनवर, ब्लोअर एकपासून चारपर्यंत. ब्लोअरबरोबर आवाज चढला तर दुखणं डॅशबोर्डाच्या आत आहे. आतून कडुनिंबाची पानं निघतात, शेंगांची टरफलं निघतात, एकदा तर उंदराने लग्नपत्रिका कुरतडून केलेलं घरटं निघालं. "हवा जास्त लागते" म्हणून केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) काढून फेकणाऱ्यांकडे हे हमखास.

मग इंजिन चालू, एसी बंद. तरी घरघर येत असेल तर बेअरिंग बघा. एसी बंद असला तरी कंप्रेसरची पुली पट्ट्याबरोबर फिरतच असते. बऱ्याच गाड्यांत हे बेअरिंग वेगळं मिळतं, त्यासाठी अख्खा कंप्रेसर घ्यायची गरज नाही. घरघर टेन्शनरची (पट्टा ताणून धरणारी पुली) किंवा अल्टरनेटरचीही (बॅटरी चार्ज करणारा) असू शकते. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक न फिरणाऱ्या भागावर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. उपरणं, ओढणी, गळ्यातली चेन मात्र आधी काढून ठेवायची. आवाज फक्त एसी लावल्यावरच येत असेल तर आधी कंडेन्सरचा (गाडीच्या पुढे असलेली, गॅस थंड करणारी जाळी) पंखा, मग क्लच, माउंटिंग आणि सगळ्यात शेवटी कंप्रेसर.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे "आवाज येतोय, थोडा गॅस मारून द्या." अहो, गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, जळून संपायला! कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. क्लच दर काही सेकंदांनी खट्-खट् करत असेल तर गॅस कमी असल्याची शंका घ्यावी, पण आधी गळती शोधावी. अंदाजाने मारलेला जास्तीचा गॅस तर घातच करतो. कंप्रेसर वाफ दाबण्यासाठी बनवलेला असतो. त्यात द्रवरूप गॅस शिरला की तो ठोके देतो आणि एक दिवस मोडतो. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन छापलेलं असतं. मी सगळा गॅस काढून, व्हॅक्यूम करून, काट्यावर मोजूनच भरतो. वेळ लागतो. ज्याला दहा मिनिटांत हवंय त्याने दुसरीकडे जावं.

पट्टा किंचाळतो म्हणून त्यावर तेल, ग्रीस, साबण काहीही चोळू नका. ताण बघा, नाहीतर पट्टा बदला.

डॅशबोर्डातली टिकटिक बहुधा हवेच्या फ्लॅपच्या मोटरची असते, तिथला प्लास्टिकचा गिअर झिजतो. गॅसशी तिचा संबंध नाही.

एसी बंद केल्यावर येणारा फुस्स आवाज म्हणजे दोन्हीकडचं प्रेशर सारखं होत असतं. तो ऐकून गाडी आणू नका.

आणि कंप्रेसर खरंच खडखडत असेल तर "गावाला जाऊन येतो, मग बघू" म्हणत एसी चालवत राहू नका. आतला धातूचा चुरा तेलाबरोबर सगळ्या पाइपांत फिरतो. मग लाइन फ्लश न करता, म्हणजे पाइप आतून न धुता, आणि ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा डबा) न बदलता नवा कंप्रेसर लावला तर तोही त्याच चुऱ्याने जातो. असा एक जुना ड्रायर मी कापून टेबलावर ठेवला आहे. "फ्लश राहू द्या, खर्च वाढतो" म्हणणाऱ्याला तो हातात देतो. आत बोट फिरवलं की काळा, चमचमता गाळ लागतो, आणि तो साबणानेही लवकर जात नाही.