मुलाचा डीएलए नाकारला, तेव्हा आम्ही काय केलं

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. लेक ६ वर्षांचा, ऑटिझम आहे. त्याचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचा (डीएलए, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलांच्या सांभाळासाठीचा सरकारी भत्ता) अर्ज नाकारला गेला. फेरविचाराचा अर्ज १ महिन्याच्या आत करायचा असतो, तो केला. पण त्यावर उत्तर कधी द्यायचं, याला कायद्यात मुदतच नाही! १४ आठवडे गेले. फोन केला की "विचाराधीन आहे" एवढंच. घरात रात्र रात्र जागणाऱ्या माणसांना असं ताटकळत ठेवणं मला आजही अन्याय वाटतो.

फेरविचारातही नकारच आला, मग ट्रिब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील केलं. त्याला फी नाही.

माझी चूक तोवर कळली होती. मी निदानाचं पत्र जोडून थांबले होते. इथे निदानापेक्षा, त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा किती जास्त सांभाळावं लागतं, हे पाहतात. मग २ आठवडे वही ठेवली: "रात्री १:४०ला उठला, ५५ मिनिटं शेजारी बसले." शाळेकडूनही लेखी घेतलं.

सुनावणीआधीच निर्णय बदलला. पैसे मूळ अर्जाच्या तारखेपासून मिळाले.

वही आजच सुरू करा, नकाराची वाट पाहू नका.