घरून काम करताना टीमला आपण कळायचे कसे?

इंदूरला घरी बसून बाहेरच्या टीममध्ये काम सुरू करणारी मुलं पहिल्याच दिवशी कंपनीच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन, हेडफोन सगळं जमवतात. टीमच्या गप्पा ज्या ॲपवर चालतात त्या स्लॅकचं प्रोफाइल मात्र रिकामंच. ऑफिसात चहाच्या टपरीवर माणूस आपोआप कळतो. इथे तुम्ही जेवढं भराल तेवढंच दिसणार.

आधी नाव. स्लॅकवर नावाचा उच्चार रेकॉर्ड करता येतो, तो कराच. रोमन अक्षरांत ‘ळ’ची वाट लागते. मी रेकॉर्ड केला, आणि सिएटलची आमची मॅनेजर अडखळत का होईना, ‘ळ’ म्हणू लागली. आडनाव लावायचं की नाही, हे मात्र ज्याचं त्याने ठरवावं. आडनावावरून जात हुडकणारे ऑनलाइनही असतातच. कुणी नुसतं नाव ठेवलं तर कारण विचारू नये.

सिएटलचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतं. म्हणून कॅलेंडरात कामाचे तास भरा, नाहीतर ऐन जेवणाच्या वेळी मीटिंग पडते. सणांचंही तेच. कंपनीच्या यादीत धुळवड असते, रंगपंचमी नसते. आणि त्या दिवशी इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते! मी आठवडाभर आधीच सुट्टी टाकते आणि स्टेटसमध्ये गेर म्हणजे काय ते एका ओळीत लिहिते. त्या ओळीवरून जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या एरवी महिनाभरात होत नाहीत.

आमच्या स्लॅक चॅनेलवर पोहे-जिलेबीचा इमोजीही आहे. फोटो कापून मीच चढवला. आता चेन्नईवालेही ‘गुड मॉर्निंग’ऐवजी तोच टाकतात.

नुसत्या टायपिंगमधून माणूस कळत नाही, असं नव्यांना वाटतं. संवादशास्त्राचे अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं की लिखित संवादातूनही ओळख घट्ट होते, फक्त वेळ जास्त लागतो. मलाही तसंच दिसलंय. तेव्हा पहिल्या महिन्यात कुणी तुटक वाटलं तर लगेच मत बनवू नका. त्याला एखादी व्हॉइस क्लिप पाठवा. आवाजातून हसू तरी पोचतं.

व्हिडिओ कॉलवर आपल्या मागचं घर दाखवलंच पाहिजे असं नाही. मागून आजी पूजेची घंटा वाजवत गेली तर जाऊ द्या, पण एकाच खोलीत चौघं असतील तर बिनदिक्कत ब्लर करा. जुना लॅपटॉप ब्लरने तापतो, मग सरळ भिंतीकडे पाठ करून बसायचं.