सोंग की आजार? तपासताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक हूवरच्या खुणेबाबत होते. क्लीव्हलंडच्या चार्ल्स हूवरने ती 1908 साली मांडली. पेशंटला उताणं झोपवा, लुळ्या पायाच्या टाचेखाली तळहात ठेवा आणि टाच खाली दाबायला सांगा. जोर लागत नाही. आता चांगला पाय वर उचलायला सांगून त्याला वरून विरोध करा. मघाशी निपचित पडलेली टाच आता तुमच्या तळहातावर दाबते.

इथं नवखा रेसिडेंट उड्या मारतो : "सर, नाटक करतोय!" तेही पेशंटच्या देखत. अरे, मेंदूपासून पायापर्यंतची वाट शाबूत आहे, एवढंच त्या टाचेनं सांगितलं. पेशंट मुद्दाम करतोय की त्याच्या हातात नाही, हे ती सांगूच शकत नाही. खुद्द हूवरने आपल्या लेखाच्या मथळ्यात सोंग आणि फंक्शनल दुबळेपणा (मज्जासंस्थेला इजा नसताना, मुद्दाम न करता आलेला दुबळेपणा), दोन्ही घातले होते. पाठांतरात त्यातला अर्धा भाग गळतो. शिवाय कंबर दुखत असेल किंवा मेंदूच्या आजारामुळे एका बाजूचं भानच हरपलं असेल, तर हीच खूण फसवते.

दुसरी चूक जुनी आणि जास्त घातक : त्रास दिला की खरं बाहेर येतं, हा समज. अमेरिकन यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या मिचेल, मोरहाउस आणि कीन या डॉक्टरांनी सोंगं ओळखण्यासाठी ईथरची भूल वापरली, 1864 साली त्यावर लिहिलंही. भुलीत अवयव हलला की सैनिक पकडला गेला! पण फंक्शनल लकव्यातला हातही भुलीत हलू शकतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तूर इथं क्लोव्हिस व्हँसाँ या न्यूरॉलॉजिस्टने तर वाकलेल्या, लुळ्या सैनिकांना विजेचे जबर झटके द्यायला सुरुवात केली. सैनिक या उपचाराला 'तोर्पियाज' (टॉर्पेडो मारणं) म्हणत. 1916 मध्ये बातिस्त देशां नावाच्या झुआव्ह (फ्रेंच सैन्यातलं एक पायदळ) सैनिकाने हा उपचार नाकारला. व्हँसाँ तरीही इलेक्ट्रोड घेऊन पुढे आला, तेव्हा त्याने डॉक्टरला ठोसे मारले. लष्करी खटला चालला. शिक्षा झाली सहा महिन्यांची, तीही स्थगित. पेशंटला 'नको' म्हणायचा हक्क आहे का, यावर फ्रान्सभर वाद पेटला. विजेच्या भीतीनं माणूस उठून उभा राहिला म्हणजे आजार खोटा होता, हे सिद्ध होत नाही. साप साप म्हणून भुई धोपटायचा हा प्रकार आहे. आजही कुणी छातीच्या हाडावर बोटं रगडून 'जागं करून दाखवतो' म्हणतं, तेव्हा मला तूरच आठवतं.

एका खुणेवर निकाल देऊ नका. ट्यूनिंग फोर्कचं कंपन कपाळाच्या एकाच बाजूला जाणवतं असं पेशंट म्हणाला की कित्येकांना 'सापडला' वाटतं, कारण हाडातून कंपन दोन्हीकडे जायला हवं. 1986 साली गूल्ड आणि सहकाऱ्यांनी मेंदूला खरीखुरी इजा असलेले 30 पेशंट तपासले. त्यांतल्या 29 जणांत एक तरी 'हिस्टेरिकल' (म्हणजे इजा नसल्याची समजली जाणारी) खूण सापडली.

बाबिन्स्कीची खूण (1896; तळपाय खरवडल्यावर पायाचा अंगठा वर जाणं) नाही म्हणून आजार नाही, असं धरू नका. पक्षाघाताच्या सुरुवातीला अंगठा वर न जाणं शक्य आहे.

लुळा हात चेहऱ्यावर सोडून तो आपोआप चेहरा चुकवतो का, हे बघणं : करू नका.

पेशंट निर्विकार दिसतो, म्हणून संशय घेणं : सोडून द्या.

माझी पद्धत सांगतो. पेशंट दारातून आत येताना, चपला काढताना, पिशवीतले कागद शोधताना मी बघत असतो, हातोडा नंतर. हूवरची खूण मिळाली तर ती पेशंटलाच दाखवतो : "बघा, पायात ताकद आहे, वाट उघडी आहे." फिजिओथेरपीला त्याचा फार उपयोग होतो. घाईची पोरं हे वगळून थेट एमआरआयकडे धावतात, त्याचा मला मनस्वी राग येतो. केसपेपरवर 'सोंग' हा शब्द मी लिहीत नाही. काय बघितलं तेवढंच लिहितो : टाचेखाली जोर लागला, कॉटवर मान वळली नाही, बाहेर हाक आल्यावर वळली. सोंगाचा आरोप करायचा तर सांगणं आणि वागणं यांतली तफावत वारंवार, वेगवेगळ्या जागी दिसायला हवी, किंवा त्या माणसानं स्वतः कबूल करायला हवं.