वॉक मिळाला म्हणजे सगळ्या सरकत नाहीत

सॉफ्टबॉलची पंच परीक्षा द्यायचं मनात असेल आणि खेळायचा थोडाफार अनुभव असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. स्ट्राइक, बॉल, आउट म्हणजे काय हे सांगत बसत नाही. सात इनिंग, साठ फुटांचे बेस, चार बॉल झाले की बॅटर पहिल्या बेसवर (यालाच वॉक म्हणतात), इतकं तुम्हाला येतंच. मलाही येत होतं. सहा वर्षं कॉलेज आणि क्लबकडून आउटफिल्डला उभी राहिले होते, त्यामुळे नियम आपल्या अंगात मुरलेत असा माझा पक्का समज होता. नेमका तोच नडला.

पंच म्हणून माझा तिसराच सामना, प्लेट अंपायर म्हणून, म्हणजे कॅचरच्या मागे उभं राहून, तर पहिलाच. फेब्रुवारीतली दुपार, नागपूरचं ऊन तेव्हाच चटके द्यायला लागलेलं, मास्कच्या आत घामाच्या धारा. सहावी इनिंग, एक आउट. रनर पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर, दुसरा रिकामा. पिचरचा पिच स्ट्राइक झोनच्या बाहेर गेला, चौथा बॉल. मी ‘बॉल फोर’ म्हणाले, बॅटरला पहिल्या बेसकडे हात दाखवला, पहिलीवरच्या रनरला दुसऱ्याकडे हात दाखवला आणि त्याच ओघात, हात थांबेचना म्हणून, तिसऱ्यावरच्या पोरीलाही होमकडे हात दाखवला. ती बिचारी डोक्यावरचं हेल्मेट सारखं करत, बाजारातून घरी निघाल्यासारखी चालत आली. कॅचरच्या हातात बॉल होता. कॅचरने तो रनरला लावून टॅग केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘सेफ, रन.’

पुढची दहा मिनिटं मला सलग आठवत नाहीत. फील्डिंग टीमचे सर डगआउटमधून धावत आले, ‘मॅडम, काहून रन दिला? फोर्स कुठं आहे?’ मी त्यांना म्हणाले, वॉक आहे सर, सगळ्यांना एक बेस. ते एक क्षण माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, ‘प्रोटेस्ट लिहून घ्या.’

सॉफ्टबॉलमध्ये अंपायरच्या नजरेला, म्हणजे सेफ की आउट, बॉल की स्ट्राइक, याला प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत हरकत, करता येत नाही. नियम चुकीचा लावला तर येतो, पण पुढचा पिच पडायच्या आत. सरांना ते माहीत होतं. सीनियर पंच मैदानात आले, मला बाजूला नेऊन विचारलं आणि मग त्यांनी जो निर्णय दिला त्यावर दोन्ही टीम चिडल्या: रन रद्द, पण आउटही नाही, रनर परत तिसऱ्या बेसवर. कारण ती माझ्या चुकीच्या इशाऱ्यावर आली होती. अंपायरच्या चुकीने रनर धोक्यात आली, तर ती चूक दुरुस्त करायचा अधिकार अंपायरला असतो. बॅटिंग करणाऱ्यांना वाटलं रन हिसकला, फील्डिंगवाल्यांना वाटलं आउट बुडवला. सामना एका रनने संपला. कोणाच्या बाजूने, ते मी लिहीत नाही.

आता जिथे मी पडले ती जागा नीट बघा. परीक्षेच्या पेपरातही लोक इथंच पडतात, हे मी नंतर पाहिलं.

चार बॉलवर बॅटरला पहिला बेस मिळतो. बाकी कोणालाही काहीही ‘मिळत’ नाही. बॅटर पहिल्या बेसवर येतेय, तिथं आधीच कोणी उभं असेल तर तिला जागा रिकामी करावी लागते. तिने जागा सोडली आणि पुढच्या बेसवरही कोणी असेल, तर तिलाही सरकावं लागतं. हाच फोर्स. मधे एक बेस रिकामा दिसला की सरकणं तिथंच संपलं.

लग्नातली पंगत आठवा. टोकाला नवा पाहुणा आला, वाढपी म्हणतो ‘सरका जरा’. बाजूचा सरकतो, त्याच्या बाजूचाही सरकतो आणि मधे एक रिकामं पान आलं की त्याच्या पुढचे लोक वरण-भात कालवत बसून राहतात. त्यांना कोणी उठवत नाही. तिसऱ्या बेसवरची ती पोरगी त्या रिकाम्या पानाच्या पलीकडे बसलेली होती आणि मी तिला ताटावरून उठवलं.

म्हणजे फक्त पहिल्यावर रनर असेल तर ती एकटी सरकेल. पहिल्या-दुसऱ्यावर असतील तर दोघी. तिन्ही भरलेले असतील तर तिघी, आणि रन आपोआप. पहिल्या-तिसऱ्यावर असतील तर फक्त पहिलीवाली. फक्त दुसऱ्यावर, फक्त तिसऱ्यावर किंवा दुसऱ्या-तिसऱ्यावर असतील तर कोणीही नाही, कारण पहिला बेस रिकामा आहे आणि धक्का द्यायलाच कोणी नाही. हे तुम्हाला सोपं वाटतंय ना? मलाही वाटायचं. कागदावर करून बघा आणि मग कोणाला तरी घड्याळ लावून भराभर विचारायला सांगा. पहिल्या-तिसऱ्याला जीभ अडखळतेच.

पण खरा घोळ पुढे आहे. ‘सरकावं लागत नाही’ याचा अर्थ ‘सरकता येत नाही’ असा नाही. फास्ट पिचमध्ये, म्हणजे जोरात पिच टाकायच्या सॉफ्टबॉलमध्ये, वॉकवर बॉल लाइव्ह असतो, खेळ थांबत नाही. बॉल लाइव्ह, लाइव्ह, लाइव्ह. आरशावर चिकटवून ठेवा. तिसऱ्यावरची रनर होमकडे पळू शकते, स्वतःच्या जबाबदारीवर. पोचली तर रन, टॅग झाली तर आउट. माझ्या सामन्यातली ती पोरगी माझा हात बघून न येता स्वतःहून आली असती, तर सरळ आउट होती. बॉल कॅचरच्या मिटवरून उडून बॅकस्टॉपकडे गेला असता आणि ती पळत आली असती, तर रन होता.

याच्याच पोटातला दुसरा किस्सा. दुसऱ्या बेसवर एकटी रनर, तीन बॉल झालेले. पिच हातातून सुटताच ती तिसऱ्याकडे स्टील करते. (सुटायच्या आधी निघाली तर आउट, तो पिच धरलाच जात नाही.) पिच निघतो चौथा बॉल. ‘वॉक झाला’ हे ऐकून पोरगी मधेच पळणं सोडते. कॅचर थ्रो करते, टॅग. आउट. तिला कोणी ढकलत नव्हतं, तिसरा बेस तिचा नव्हताच. उलट पहिल्यावरची रनर अशीच दुसऱ्याकडे निघाली आणि थ्रो तिच्या आधी पोचला, तरी ती आउट नाही, कारण दुसरा बेस तिला द्यायचाच आहे. मात्र ती स्लाइड करून बेसच्या पलीकडे गेली आणि तिथं टॅग बसला तर आउट. संरक्षण बेसपर्यंतच, त्यापुढे एक वीतही नाही.

बॅटरचंही तसंच. तिने पहिल्या बेसवर थांबलंच पाहिजे असं नाही. वळसा घेऊन थेट दुसऱ्याकडे जाता येतं आणि तिसऱ्यावर रनर असली की हुशार टीम हे मुद्दाम करते. पिचर बॅटरला पकडायला दुसऱ्याकडे थ्रो करते आणि तिसरीवरची होम गाठते. इथं लुक-बॅक नियम लागतो: पिचर आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळात बॉल हातात घेऊन उभी आहे आणि बॅटरने पहिल्या बेसला पाय लावला, की बेसबाहेरच्या रनरला फार तर एकदाच थांबता येतं आणि लगेच ठरवावं लागतं, पुढे की मागे. रेंगाळली तर आउट. बॅटर पहिल्या बेसवर थांबून उभी राहिली आणि मग तिला दुसऱ्याची आठवण झाली, तर तीही आउट. न थांबता गेली तर चालतं. पिचरने कोणावर प्ले केला, थ्रोचा आव जरी आणला, की हे बंधन सुटतं.

बॉल डेड कधी होतो, ते थोडक्यात. बॅटरला पिच लागला तर डेड, फक्त फोर्स असलेल्याच सरकतात. अंपायरला सांगून मुद्दाम दिलेला इंटेन्शनल वॉक, तोही डेड. स्लो पिचमध्ये वॉक डेड. चौथा बॉल मैदानाच्या हद्दीबाहेर गेला तर सगळ्या रनरना एक बेस, बॅटरला मात्र पहिलाच. बस. माझ्या डोक्यात ‘सगळ्यांना एक बेस’ कुठून शिरलं असेल, तर बहुधा या शेवटच्या वाक्यातून आणि हॉस्टेलच्या एका सीनियर ताईच्या चार पानी नोट्समधून.

नोट्सबद्दल माझं मत कडू आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स नोट्सनी जितके पंच बिघडवले, तितके उन्हानेही बिघडवले नसतील. त्यात ‘रनर सरकतील’ असं लिहिलेलं असतं. कोणते, कधी, काही नाही. आणि यूट्यूबवर बेसबॉलचे व्हिडिओ बघून सॉफ्टबॉल शिकू नका. वॉकवर बॉल तिथंही लाइव्हच असतो हे खरं, पण तिथं रनर पिचच्या आधीच बेस सोडून लीड घेतात आणि लुक-बॅक वर्तुळ नसतं. तेवढ्याशा फरकात निम्मी चूक बसते. डब्ल्यूबीएससीचं, म्हणजे बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या जागतिक संघटनेचं, चालू नियमपुस्तक घ्या. इंग्रजी जड जातं? जाऊ द्या. एका दिवसात अर्धं पान वाचा, पण तेच वाचा.

मेंटॉरच्या बाबतीत मी उलट्या मताची आहे. सगळे म्हणतात मोठ्या पंचाला पकडा. मी म्हणते स्कोअररला पकडा. मला जिने शिकवलं ती एक जुनी स्कोअरर काकू. मोठा आवाज नाही, शिट्टी नाही, डबा आणि पेन्सिल घेऊन टेबलापाशी बसलेली. त्या सामन्यानंतर सगळ्यांनी मला ‘होऊन जाते बे’ म्हणून तर्री पोहे खायला नेलं. ती आली नाही. दुसऱ्या रविवारी म्हणाली, ‘ये, माझ्या बाजूला बस, शीट भर.’ दोन महिने मी फक्त शीट भरली. कोणती रनर कशामुळे पुढे गेली याचं कारण प्रत्येक चौकोनात लिहावं लागतं. वॉकने, हिटने, स्टीलने, चुकीने. पहिल्या-तिसऱ्याच्या वॉकवर तिसरीच्या चौकोनात लिहायला काही कारणच सापडत नाही, तेव्हा नियम हातातून डोक्यात जातो.

एक रोखठोक गोष्ट. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या 5 टक्के आरक्षणाकडे बघून कोणी पंचगिरीत येत असेल, तर घरी राहा. ते खेळाडूंसाठी आहे, शिट्टीवाल्यांसाठी नाही. इथं मानधनात पेट्रोल निघालं तरी नशीब. पण सामना नीट चालवून, मास्क काढून सावलीत बसल्यावर पाणी जसं लागतं तसं दुसरीकडे लागत नाही. आणि चुका होतात. माझ्यासारखी भर मैदानात झाली तरी परत बोलावतात. मला तीन आठवड्यांत बोलावलं, मला वाटलं होतं वर्ष जाईल.

हातांबद्दल. चौथ्या बॉलवर रनरना हात दाखवू नका. फक्त आवाजात ‘बॉल फोर’. कोणी कुठं जायचं ते त्यांच्या कोचचं काम आहे. तीन बॉल झाले की पुढच्या पिचआधी बेसकडे एक नजर टाकून मनात म्हणायचं, ‘एक-तीन, एकच सरकेल’ किंवा ‘दोन, कोणी नाही’. मी अजून पुटपुटते. एकदा कॅचरला ऐकू गेलं, ती म्हणाली, ‘काय म्हटलं मॅडम?’

तोंडी परीक्षेत पहिला-तिसरा विचारतीलच. उत्तर या क्रमाने द्या: बॉल लाइव्ह आहे, फोर्स फक्त पहिलीवर आहे, तिसरी स्वतःच्या जबाबदारीवर. आणि तिथं तोंड बंद करा. मी खूश होऊन पुढे बोलत राहिले, बॅटर वळसा घेऊन थांबली तर काय होईल ते स्वतःहून सांगायला लागले आणि पुढची पंधरा मिनिटं मला फक्त लुक-बॅकवर प्रश्न विचारले.